वजन उतरेपर्यंत श्वासाचे काय?

आसनगाव स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठडा धरून उभी राहणारी माणसे रोज दिसतात. काही वयाने थकलेली असतात, काहींना खरोखरच दमा असतो. आणि काही चाळिशी-पंचेचाळिशीतली, वजनाने शंभरीकडे झुकलेली. विचारले तर 'दम लागतो' एवढेच सांगतात. मराठीत दम लागणे आणि दमा हे शब्द इतके शेजारी राहतात की दवाखान्यात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर व्हायला पाच मिनिटेही लागत नाहीत. छातीला नळी लावली जाते, पंप लिहून दिला जातो, आराम पडला नाही की स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी भूक वाढते, वजन आणखी चढते. धाप जिथल्या तिथे.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचे नाव वर्तमानपत्रात येते ते कुपोषणासाठी, टँकरसाठी, नाहीतर रस्ता नसल्याने झोळीतून आणलेल्या बाळंतिणीसाठी. ते खरेच आहे आणि त्याचे महत्त्व कमी करण्याचे कारण नाही. पण नाशिक महामार्गाच्या कडेने, वासिंद-आसनगाव-खर्डीच्या पट्ट्यात, मुरबाडच्या बाजारपेठेत आणि सरळगावच्या नाक्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसरा एक आजार मुक्कामाला आला आहे. शेतातले काम सुटले, गोदामातली किंवा गाडीवरची नोकरी आली, भाकरीच्या जागी वडापाव आणि चहासोबत बिस्किटे आली. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. या सगळ्यांत तीव्र लठ्ठ माणसे थोडी. पण सरकारी रुग्णालयाच्या बाकावर ती जेव्हा येऊन बसतात, तेव्हा त्यांच्यासाठी तिथे काय असते?

एक सल्ला असतो. वजन कमी करा.

सल्ला चुकीचा नाही, पण तो पाळायचा कसा हे कुणी सांगत नाही. उंची पाच फूट एक इंच आणि वजन ९६ किलो असलेल्या बाईचा बीएमआय ४० भरतो. तिला वजन कमी करायला चालायला सांगितले जाते आणि तिला चालता येत नाही ते दम लागतो म्हणून. दम लागतो तो वजनामुळे. हे चक्र तिला ठाऊक असते, सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी केसपेपरवर ते दोन शब्द लिहून पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते. ती मग पुन्हा येत नाही. येते तेव्हा रुग्णवाहिकेतून येते.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टींची नोंद सरकारी कागदावर आधीच झालेली असते. आशा सेविका तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर मोजायचा असतो. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की एक गुण, ९० च्या वर दोन. त्याच फॉर्मवर पुढे धाप लागते का, हाही प्रश्न असतो. घेर मधुमेह आणि रक्तदाबाच्या जोखमीत धरला जातो. धापेचे उत्तर 'हो' आले की पुढची तपासणी होते, थुंकी, एक्स-रे, हृदयाचा आलेख. क्षयरोग नाही, हृदय ठीक, म्हणजे काळजी नाही! घेर आणि धाप ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

ठेवून पाहिली तर काय दिसेल? शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले श्वासपटल आठवावे. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. श्वास घेताना तो खाली दबतो, छातीत जागा होते, हवा आत येते. पोटात चरबी साठली की हा घुमट वर ढकलला जातो, आणि खाली उतरताना त्याला दर वेळी तो सगळा भार रेटावा लागतो. छातीच्या पिंजऱ्यावरचे थर वेगळेच. आडवे झाले की पोट आणखी वर सरकते, म्हणून ही माणसे तीन-तीन उशा घेऊन झोपतात किंवा खुर्चीत बसून रात्र काढतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० बीएमआयच्या सडपातळ माणसांशी तुलना केली, तेव्हा ३० बीएमआयलाच साधा श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा तीन-चतुर्थांशावर आलेली दिसली. त्यापुढे जोर लावून बाहेर काढता येणारा साठा तर निम्म्याच्याही खाली. बीएमआय ४० ची गोष्ट अजून पुढेच आहे.

दुसरा एक अभ्यास १९९९ चा. अतिशय लठ्ठ रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी भूल देऊन त्यांचा श्वास यंत्रावर घेतला, तेव्हा त्यांच्या शरीराचा ऑक्सिजनचा खर्च १६ टक्क्यांनी उतरला. सामान्य वजनाच्या माणसांत तो एक टक्काही उतरला नाही. म्हणजे ही माणसे नुसती बसलेली असताना त्यांच्या शरीराच्या कमाईचा सहावा-सातवा हिस्सा निव्वळ श्वास घेण्याच्या मजुरीत जातो. पुलाच्या पायऱ्यांसाठी शिल्लक काय राहणार?

इथे एक गैरसमज टाळायला हवा. लठ्ठ माणसाचे श्वासाचे स्नायू नेहमीच अशक्त असतात असे नाही. अनेकांत मोजमाप केले तर त्यांची ताकद इतरांइतकीच भरते. पण कामाचा बोजा दुप्पट आणि ताकद तेवढीच, असा तो हिशेब आहे. कसाऱ्याला लांबच्या गाड्यांना घाटासाठी मागून जादा इंजिने जोडतात, हे या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. डबे तेवढेच राहतात, माणसे तेवढीच राहतात, घाट तोच असतो, तरी गाडी इगतपुरीला पोहोचते. श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम हा असाच मागून लावलेला जोर आहे. तो डबे कमी करत नाही.

व्यायाम दिसायला अगदी साधा. मुठीत मावेल एवढे प्लास्टिकचे नळकांडे, त्यात स्प्रिंगवर बसवलेली झडप. नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची आणि श्वास आत ओढायचा. ठरावीक जोर लागल्याशिवाय झडप उघडत नाही. स्प्रिंग घट्ट केली की जोर जास्त लागतो. दंड कमावायला डंबेल, तसे श्वासपटल कमवायला हे. सुरुवात साधारणपणे त्या माणसाच्या कमाल जोराच्या तीस टक्क्यांवर करतात आणि दर आठवड्याला थोडे वाढवत नेतात. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे. खुर्चीत बसून.

करोनाच्या काळात घरोघरी तीन रंगीत गोळ्यांचे खेळणे आले होते, तेच का हे? नाही. ते शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घ्यायची आठवण राहावी म्हणून असते. त्यात हळू ओढले तर भार जवळजवळ पडतच नाही. फुगे फुगवणे हा तर श्वास सोडण्याचा जोर, घेण्याचा नव्हे. आणि प्राणायाम? हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो आणि यायलाही हवा. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले ते १९२४ मध्ये, आणि योगातल्या क्रियांचे शरीरावर काय होते हे प्रयोगशाळेत मोजायला घेतले. प्राणायामाने श्वासाची लय येते, मन स्थिरावते, धापेची भीती कमी होते. त्याचा उपयोग आहे. पण भार नसेल तर स्नायू कमावला जात नाही. माळशेज घाटात फिरून यायचे आणि त्याच घाटात डोक्यावर धान्याचे पोते घेऊन चढायचे, यात फरक आहेच. दोन्ही करावे. मात्र एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही, आणि मोजल्याशिवाय दोन्हींबद्दल छातीठोक बोलू नये.

मोजले गेले आहे ते काय? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जादा वजनाच्या आणि लठ्ठ माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला खरा भार दिला, दुसऱ्याला नावापुरता. दोघांनी चार आठवडे दिवसातून दोनदा ३० श्वास घेतले. खरा भार घेतलेले लोक सहा मिनिटांत सुमारे ६० मीटर जास्त चालू लागले. ब्राझीलमध्ये वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या स्त्रियांना आधी हा व्यायाम दिला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या श्वासाची ताकद कमी घसरली. मात्र फुप्फुसात मावणारी हवा काही वाढली नाही. हे सगळे अभ्यास लहान आहेत, थोड्या आठवड्यांचे आहेत, आणि २०१२ च्या चाचणीतले सगळे लोक तीव्र लठ्ठ नव्हते. एवढ्यावर कुणी चमत्काराची जाहिरात करू लागला तर त्याच्यापासून दूर राहावे. या नळकांड्याने पोट कमी होत नाही. साठ मीटरच वाढतात. पण साठ मीटर म्हणजे घरापासून अंगणवाडीपर्यंत, किंवा एसटीच्या थांब्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत. जिला तेवढेच जमत नव्हते तिला ते किती, हे तिलाच विचारावे.

आणखी एक गोष्ट कागदावरच्या अभ्यासांत येत नाही. गावात लठ्ठ बाईने व्यायामाला बाहेर पडणे सोपे नाही. पहाटे रस्त्याने चालू लागली की 'घरात कामं नाहीत का?' हे ऐकावे लागते. हसणारे वेगळे. साडी, अरुंद रस्ता, मागून येणारे डंपर, पावसाळ्याचे चार महिने चिखल. जिम तालुक्याच्या गावाला असलीच तर ती पोरांची. दवाखान्यातही तिला उपचारांआधी बोलणी मिळतात, आणि ती बहुधा डॉक्टरच देतात. अशा बाईला आपल्याच स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन, बसल्याजागी करता येईल असा पहिला व्यायाम मिळणे ही लहान गोष्ट नाही. तिच्यासाठी चालणे ही दुसरी पायरी आहे. वर्षानुवर्षे तिला थेट दुसऱ्या पायरीवर उभे केले जाते आणि ती पडली की तिलाच आळशी ठरवले जाते.

मात्र नळकांडे हातात देण्याआधी काही तपासण्या झाल्याच पाहिजेत, आणि त्याबाबत ढिलाई परवडणार नाही. पहिली गोष्ट हिमोग्लोबिन. वजन जास्त म्हणजे रक्तही भरपूर, ही समजूत खोटी आहे. याच राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लठ्ठ स्त्रिया त्यातून सुटलेल्या नाहीत. थायरॉइड, हृदय आणि खरा दमा हेही पाहायला हवे, आणि दम्यासाठी फुंकून करायची चाचणी हवी, नुसता अंदाज नको. ज्यांच्या फुप्फुसाभोवती हल्लीच हवा साठली होती, ज्यांचा क्षयरोग अजून आटोक्यात नाही किंवा थुंकीतून रक्त पडते आहे, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, कानाचा पडदा फाटला आहे, पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया ताजी आहे, त्यांनी हा व्यायाम करू नये.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न झोपेचा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, सकाळी डोके जड, दिवसा बसल्याजागी डुलकी. घरची माणसे हे हसत सांगतात, 'झोप फार छान लागते हो यांना.' ही छान झोप नसते. असा माणूस नाशिक महामार्गावर किंवा माळशेजच्या वळणांवर गाडी चालवत असेल तर ती त्याच्या एकट्याची गोष्ट राहत नाही. यातल्या काहींचा श्वास जागेपणीही इतका उथळ होतो की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. पायांना सूज येते, ओठ काळसर दिसतात, बोलता बोलता डोळे मिटतात. करोनानंतर ऑक्सिमीटर प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. बसवून एकदा आणि दहा मिनिटे आडवे करून एकदा, अशी दोन मोजमापे घेतली तरी बराच उलगडा होतो. ज्याचे आकडे आडवे झाल्यावर घसरतात त्याला व्यायाम सांगून घरी पाठवू नये. त्याला झोपेची चाचणी आणि मास्कचे यंत्र लागणार आहे, म्हणजे कळवा किंवा मुंबई.

आणि असा रुग्ण रात्री गुंगीत आणला गेला तर? हात आपोआप ऑक्सिजनच्या नळाकडे जातो आणि तो पूर्ण सोडला जातो. ऑक्सिमीटरवर ९९ आकडा येतो, सगळ्यांना बरे वाटते, आणि रुग्ण आणखी गाढ झोपतो. अनिर्बंध ऑक्सिजनने अशा माणसाचा श्वास आणखी मंदावू शकतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. ऑक्सिजन द्यायचाच, पण बेताने, आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील इतका, आणि श्वासाला आधार देणारे यंत्र असेल तिथे त्याला तातडीने हलवायचे. हे १०८ च्या गाडीपासून वॉर्डातल्या परिचारिकेपर्यंत सगळ्यांना माहीत असायला हवे. लठ्ठपणाचे धोके म्हणून मधुमेह आणि गुडघे एवढेच शिकवले गेले तर ते माहीत कसे होणार?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला म्हणजे जिथे मुले कमी वजनाची जन्मतात तिथे जाड्यांचे लाड कशाला. पण एकाच घरात कमी वजनाचे नातवंड आणि धापा टाकणारी आजी असू शकते, आणि दोघांचेही मूळ बहुतेक वेळा एकाच ताटात असते. भात भरपूर, डाळ पातळ. आजीची धाप सोडवायला नातवाच्या ताटातले काही काढून घ्यावे लागत नाही. दुसरा आक्षेप नवा आहे. आता इंजेक्शने आली, मग हे जुनाट व्यायाम कशाला? २०२५ मध्ये वजन घटवणारी नवी इंजेक्शने भारताच्या बाजारात आली आणि ती परिणामकारक आहेत यात शंका नाही. पण घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि महिन्याला काही हजारांचा खर्च धसई-टोकावड्याच्या घरात चालणारा नाही. ती स्वस्त झाली तरी वजन उतरायला महिने लागतात. तोवर श्वास रोजच घ्यायचा असतो. २०१७ मध्ये इजिप्तहून सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेला खास विमानाने मुंबईत आणले तेव्हा महिनोन्महिने बातम्या चालल्या. शस्त्रक्रियेची बातमी होते. दिवसातून साठ श्वासांची होत नाही.

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय इथे हे सुरू करायला नवी इमारत लागत नाही. असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत रक्तदाब आणि साखर रोज मोजली जाते. तिथेच बीएमआय ३५ च्या पुढच्या प्रत्येकाला धापेचा आणि घोरण्याचा प्रश्न विचारावा. १५० किलोपर्यंत मोजणारा काटा आणि रक्तदाबासाठी रुंद पट्टा घ्यावा, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधला की रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. श्वासाचा जोर मोजणारे एक मीटर, आणि दहा-बारा नळकांडी. एकेकाची किंमत काही हजारांच्या आत. फिजिओथेरपिस्ट असेल तर उत्तमच. नसेल तर एखाद्या परिचारिकेला दोन दिवस शिकवून भागेल, फक्त महिन्यातून एकदा तज्ज्ञाने येऊन पाहावे.

चालण्याची चाचणी व्हरांड्यात होते. खडूने तीस मीटरच्या दोन रेघा, दोन खुर्च्या, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर. सहा मिनिटे आपल्या चालीने चालायचे, दम लागला तर थांबायचे, अंतर केसपेपरवर लिहायचे. मग नळकांडे घरी न्यायचे, तोंडात धरायचा भाग रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा, घरातल्या दुसऱ्या कुणी ते वापरायचे नाही. दर पंधरा दिवसांनी येऊन स्प्रिंग घट्ट करून घ्यायची. सहा आठवड्यांनी पुन्हा त्याच रेघांमध्ये चालायचे. अंतर तीस मीटरनेही वाढले नसेल तर व्यायाम नीट होतो आहे का ते एकदा समोर बसवून पाहायचे. होत असूनही फरक नसेल तर तो थांबवायचा आणि धापेचे दुसरे कारण शोधायचे. वाढले असेल तर त्याच दिवशी चालण्याचा कार्यक्रम लिहून द्यायचा, सुरुवातीला अंगणातल्या अंगणात, दिवसातून दोन वेळा दहा मिनिटे.